अल्ट्रासॉनिक पल्स-एकोसाठी कोडेड सिग्नल कसा बांधायचा: आधी चार आकडे, मग कोड

लांब कोड (छोट्या पल्सऐवजी ठरावीक नक्षीची लांब लहर) पाठवला, सहसंबंधाचं (परत आलेली लहर पाठवलेल्या लहरीशी ताडून पाहण्याचं) गणित केलं, तरी एको, म्हणजे परत आलेला प्रतिध्वनी, नॉइजमध्येच राहिला. किंवा एको वर आला, पण त्याच्या दोन्ही बाजूंना नसलेले एको उगवले. कोडेड सिग्नल नव्याने वापरणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा या दोनपैकी एका जागी अडतं आणि कारणही बहुधा एकच असतं: सुरुवात कोडपासून झालेली असते. कुठूनतरी एक कोड उचलायचा, प्रोबला (लहर पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या संवेदकाला) द्यायचा आणि काय दिसतं ते पाहायचं. क्रम याच्या उलट हवा. नॉइज कुठल्या जातीचा आहे, प्रोबचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा किती रुंद आहे, सर्वांत जवळचा एको किती वेळाने येतो आणि बारीक एकोच्या शेजारी किती मोठा एको आहे, हे चार आकडे हातात आले की कोड निवडायला फारसं काही उरत नाही.

मागचं तत्त्व थोडक्यात असं. पल्सरचं कमाल व्होल्टेज ठरलेलं असतं, त्यामुळे जास्त ऊर्जा पाठवायची तर सिग्नल लांबवावा लागतो. साधा लांब सिग्नल पाठवला तर शेजारचे दोन एको एकमेकांत मिसळतात. म्हणून सिग्नल लांब पण रुंद पट्ट्याचा ठेवायचा, आणि परत आल्यावर गणिताने आवळून पुन्हा छोटी पल्स करायची. मिळणारा नफा म्हणजे कालावधी गुणिले बँडविड्थ. १० मायक्रोसेकंद आणि ३ मेगाहर्ट्झ असतील तर गुणाकार ३०, म्हणजे १४.८ डेसिबल. ही तुलना तेवढ्याच व्होल्टेजच्या, तेवढ्याच पट्ट्याच्या एकाच छोट्या पल्सशी आहे.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: ५ मेगाहर्ट्झचा कॉन्टॅक्ट प्रोब, पोलाद, अनुदैर्घ्य लहरीचा वेग सेकंदाला ५,९२० मीटर, आणि मोजायचा सर्वांत जवळचा एको ४० मिलिमीटर खोलीवर.

## तयारी

सिग्नल पाठवायला हव्या त्या आकाराची लहर देणारा जनरेटर आणि रेषीय अॅम्प्लिफायर, किंवा दोन-तीन पातळ्यांचा चौकोनी लहरीचा पल्सर. यांतलं आपल्याकडे काय आहे ते आधी लिहून ठेवा, कारण निवड त्यावर अवलंबून आहे.

एको घ्यायला डिजिटायझर. त्यातून कच्चा रेडिओ-फ्रिक्वेन्सी सिग्नल बाहेर आलाच पाहिजे. रेक्टिफाय करून गुळगुळीत केलेल्या आउटपुटमधून फेज निघून गेलेली असते. तो कितीही स्वच्छ दिसला तरी आवळता येत नाही.

पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राचं घड्याळ एकच असावं. घड्याळं वेगळी असतील तर दर शॉटला एखाद्या नमुन्याएवढी ये-जा होते. सेकंदाला १० कोटी नमुने घेताना एक नमुना १० नॅनोसेकंदांचा, आणि ५ मेगाहर्ट्झला तेवढ्यात १८ अंशांची फेज सरकते. सरासरी आणि जोडकोड (दोन शॉटमध्ये पाठवायची कोडची जोडी, टप्पा ५) या दोन्हींची यात नासाडी होते.

याशिवाय त्याच पदार्थाचा, समांतर गुळगुळीत बाजूंचा एक ठोकळा, ५० ओहमचा लोड आणि माहीत असलेला अॅटेन्युएटर.

## टप्पा १: नॉइजची जात ओळखा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, आणि तो गाळला की पुढची सगळी मेहनत फुकट जाऊ शकते. कोडिंगने फक्त यादृच्छिक नॉइज हटतो, म्हणजे अॅम्प्लिफायरचा, केबलचा, उष्णतेचा. पदार्थातल्या दाण्यांवरून, तंतूंवरून किंवा छिद्रांवरून विखरून आलेला आवाज हा नॉइज नसून खरे, बारीक, असंख्य एको असतात. कोड लांब केला की तेही खऱ्या दोषाच्या एकोइतक्याच पटीने मोठे होतात.

कसोटी सोपी आहे.

१. प्रोब घट्ट बसवा, कपलंट (प्रोब आणि पदार्थ यांच्यामधलं जेल किंवा तेल) एकसारखं पसरवा आणि नेहमीची छोटी पल्स पाठवा.
२. नॉइज निदान तीन-चार अंकांएवढा (डिजिटायझरच्या तीन-चार सर्वांत लहान पायऱ्यांएवढा) हलताना दिसेल इतका गेन वाढवा. नॉइज एका अंकापेक्षा कमी असेल तर सरासरीचा हिशेबच चुकतो.
३. एका शॉटमधला नॉइज मोजा, मग ६४ शॉटची सरासरी घेऊन पुन्हा मोजा.

यादृच्छिक नॉइज आठपट, म्हणजे १८ डेसिबल खाली यायला हवा. आला तर कोडिंगचा उपयोग आहे. तीन-चार डेसिबल खाली येऊन तिथेच थांबला तर तो पदार्थाचा आवाज आहे. मग फ्रिक्वेन्सी बदला, बीम केंद्रित करा, वेगवेगळ्या जागांवरून किंवा कोनांतून मोजणी करून ती एकत्र करा. कोडच्या वाटेला जाऊ नका.

तपासणी: प्रोब उचलून हवेत धरा. ठोकळ्यातला आवाज गेला पण सरासरीने न हटणाऱ्या रेषा तशाच राहिल्या, तर प्रोबचं स्वतःचं घुमणं आणि ट्रिगरशी जुळून येणारा विजेचा हस्तक्षेप हे दोन संशयित उरतात. स्विचिंग पॉवर सप्लाय, सैल अर्थिंग आणि केबलचं शील्ड तपासा. हस्तक्षेप जर ट्रिगरशी बांधलेला असेल तर तो आवळल्यावर थोडा पसरतो, पण दर वेळी त्याच जागी उमटतो आणि हमखास दोषासारखा दिसतो.

एक प्रामाणिक प्रश्न इथेच विचारून घ्यावा. वस्तू स्थिर आहे आणि वेळ भरपूर आहे, तर नुसती सरासरी का नको? ३० शॉटच्या सरासरीने वरच्या उदाहरणातला सगळा नफा मिळतो, तोही साइडलोबशिवाय, म्हणजे खऱ्या एकोच्या दोन्ही बाजूंना उगवणाऱ्या खोट्या एकोंशिवाय. कोडिंगची खरी गरज वेळ कमी असतो तेव्हा लागते: प्रोब किंवा वस्तू हलती असते, बॅटरीवर कमी व्होल्टेजमध्ये काम असतं, किंवा सरासरी घेऊनही अजून दहा-पंधरा डेसिबल कमी पडतात तेव्हा.

## टप्पा २: प्रोबपासून डिजिटायझरपर्यंतची साखळी मोजा

प्रोबवर छापलेल्या ५ मेगाहर्ट्झवर विसंबू नका. जी केबल, जो पल्सर आणि जो गेन प्रत्यक्ष वापरायचा आहे तोच लावून ठोकळ्याचा पहिला बॅकवॉल (मागच्या बाजूवरून येणारा) एको घ्या, तेवढाच भाग कापून काढा आणि त्याचा वर्णपट पाहा. शिखरापासून ६ डेसिबल खाली दोन्ही टोकं कुठे येतात ते लिहा. २० डेसिबल खालची टोकंही लिहा.

हा पट्टा जाण्या-येण्याचा एकत्रित असतो, आणि आपल्याला तोच हवा. समजा उदाहरणात तो ३.५ ते ६.५ मेगाहर्ट्झ निघाला. बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ, मध्य ५.

शक्य असेल तर मोजणीच्या खोलीजवळचा एकोही तपासा. लहर खोल जाते तशी वरची फ्रिक्वेन्सी जास्त झिजते, त्यामुळे ४० मिलिमीटरवरचा मध्य आणि २०० मिलिमीटरवरचा मध्य एकच असेल असं नाही. प्लास्टिक, रबर आणि मऊ ऊतींमध्ये हा फरक मोठा पडतो. कोडचा मध्य खोलीवरच्या एकोच्या मध्यावर ठेवावा, पृष्ठभागाजवळच्या नव्हे.

## टप्पा ३: कालावधीची मर्यादा काढा

एकच प्रोब पाठवतो आणि ऐकतो. पाठवणं चालू असताना तो बहिरा असतो. म्हणून:

कमाल कालावधी = २ × जवळच्या एकोचं अंतर ÷ वेग − रिसीव्हर सावरायला लागणारा वेळ

उदाहरणात ८० मिलिमीटरचा प्रवास, म्हणजे १३.५ मायक्रोसेकंद. रिसीव्हर आणि प्रोबचं घुमणं शांत व्हायला ३ मायक्रोसेकंद धरले तर १०.५ उरतात. १० घेऊ.

कालावधी वाढला की आंधळा पट्टा किती वाढतो याचा अंदाज असावा. १० मायक्रोसेकंदांत पोलादात २९.६ मिलिमीटर, अॅल्युमिनियममध्ये सुमारे ३१.६, पाण्यात ७.४.

अंतर अपुरं पडत असेल तर पाण्याचा स्तंभ किंवा अॅक्रिलिकची डिले लाइन लावून वेळ विकत घेता येतो. २० मिलिमीटर अॅक्रिलिकमध्ये जाऊन येऊन सुमारे १४.६ मायक्रोसेकंद मिळतात. पण तेवढ्याच वेळाने डिले लाइनचा दुसरा एको येतो, त्यामुळे पोलादात फक्त पहिले ४३ मिलिमीटरच मोकळे मिळतात. त्यापलीकडे पाहायचं तर लाइन लांब करा.

सावधान: सावरण्याचा वेळ कागदावरून घेऊ नका. प्रोब हवेत धरून, पूर्ण कालावधीचा सिग्नल पूर्ण व्होल्टेजने पाठवून मोजा. छोट्या पल्सनंतर १ मायक्रोसेकंदात सावरणारा रिसीव्हर १० मायक्रोसेकंदांच्या माऱ्यानंतर जास्त वेळ घेऊ शकतो.

## टप्पा ४: किती डेसिबल हवेत आणि साइडलोब किती चालतील

हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि पहिला ठरवून दुसरा विसरणं ही नेहमीची चूक.

नफ्याचा हिशेब सरळ आहे: १२ डेसिबलसाठी गुणाकार १६ हवा, १५ साठी ३२, २० साठी १००. उदाहरणात १० × ३ = ३० पर्यंतच जाता येतं. कुणाला २५ डेसिबल हवे असतील तर या जागी ते नुसत्या कोडने मिळणार नाहीत. सरासरी जोडावी लागेल.

साइडलोबचा आकडा शेजाऱ्यांवरून ठरतो. आवळलेल्या एकोच्या आधी आणि नंतर, कोडच्या कालावधीएवढ्या अंतरात त्याची सावली पडते. पोलादात १० मायक्रोसेकंदांच्या कोडसाठी बॅकवॉलच्या अलीकडे-पलीकडे २९.६ मिलिमीटर. या पट्ट्यात बॅकवॉलपेक्षा ४० डेसिबल बारीक दोष शोधायचा असेल तर साइडलोब ४० डेसिबलच्याही खाली हवेत. एकट्या भिंतीची जाडी मोजायची असेल तर २० डेसिबलसुद्धा पुरतात. गरज मोठी की छोटी, हे इथे ठरलं की पुढचा टप्पा पाच मिनिटांचा आहे.

## टप्पा ५: कोड निवडा

बार्कर १३. क्रम: + + + + + − − + + − + − +. नफा ११.१ डेसिबल, साइडलोब शिखराच्या १३ व्या भागाएवढे, म्हणजे २२.३ डेसिबल खाली. एकाच शॉटमध्ये काम होतं, चौकोनी पल्सरने पाठवता येतो. जाडी मोजायला चांगला, मोठ्या एकोशेजारचा दोष शोधायला अपुरा. याहून लांब बार्कर कोड माहीत नाही, म्हणून वाढवायला जागा नाही.

गोले जोडी. दोन कोड, दोन शॉट. प्रत्येकाचे साइडलोब दुसऱ्याच्या बरोबर उलटे, बेरजेत शून्य. बांधायची रीत: जोडी क आणि ख असेल तर पुढची जोडी "क नंतर ख" आणि "क नंतर चिन्हं उलटवलेला ख". आठ चिपची (चिप म्हणजे कोडमधला एक + किंवा −) जोडी अशी निघते:

क: + + + − + + − +
ख: + + + − − − + −

क चा सहसंबंध ८, −१, ०, ३, ०, १, ०, १. ख चा ८, १, ०, −३, ०, −१, ०, −१. बेरीज १६, पुढे सगळी शून्यं. आपला प्रोग्रॅम हे आकडे देतो का, ते आधी बघा. १६ चिपच्या जोडीचा एका छोट्या पल्सच्या तुलनेत नफा १५ डेसिबल आहे, पण शॉट दोन लागतात. दोन शॉटच्या सरासरीशी तुलना केली तर १२.

गोले जोडीची अट एकच आणि कडक: दोन शॉटमध्ये काहीही बदलता कामा नये. प्रोब पाव तरंगलांबीने सरकला तर काय होईल ते सोडाच. ५ मेगाहर्ट्झला पोलादात तरंगलांबी १.१८ मिलिमीटर, तिचा चाळिसावा भाग म्हणजे ०.०३ मिलिमीटर अंतर बदललं तरी जाण्या-येण्यात १८ अंशांची फेज फिरते आणि वरच्या जोडीचा ३ चा साइडलोब पूर्ण न खोडला जाता २४.६ डेसिबलवर उरतो. म्हणजे जवळपास बार्करएवढाच. हलत्या प्रोबवर गोले लावणाऱ्यांची निराशा इथून येते.

चर्प. फ्रिक्वेन्सी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाणारी लहर. प्रोबच्या पट्ट्यात नेमकी बसते, एका शॉटमध्ये होते, कालावधी हवा तसा बदलता येतो. साध्या चर्पचा पहिला साइडलोब फक्त १३ डेसिबल खाली असतो, म्हणून टोकं मऊ करणं आणि विंडो (कडांकडे वजन कमी करत नेणारा गुणक) हे त्याचे भागच समजावेत. रेषीय अॅम्प्लिफायर असेल आणि वस्तू हलती असेल तर पहिली पसंती यालाच द्यावी.

एम-क्रम, म्हणजे यादृच्छिक वाटणारा पण ठरलेला + आणि − चा क्रम. त्याची सुंदर सपाट सहसंबंध-रेषा फक्त क्रम अखंड फिरत ठेवला तरच मिळते. एकच प्रोब पाठवून मग ऐकतो तिथे हे शक्य नाही, आणि तुकड्यात वापरला तर साइडलोब वर येतात. पाठवणारा आणि ऐकणारा प्रोब वेगळे असतील तरच याचा विचार करा.

## टप्पा ६: लहर बांधा

चर्पसाठी. पट्ट्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त फिरवा: ३.३ ते ६.७ मेगाहर्ट्झ, १० मायक्रोसेकंदांत. उतार ०.३४ मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद. फेज आवर्तनांत अशी लिहायची:

फेज = सुरुवातीची फ्रिक्वेन्सी × वेळ + अर्धा × उतार × वेळेचा वर्ग

तो "अर्धा" विसरला जातो. "त्या क्षणीची फ्रिक्वेन्सी गुणिले वेळ" असं लिहिलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट वेगाने सरकते आणि ६.७ ऐवजी १०.१ मेगाहर्ट्झवर जाऊन थांबते. निम्मी ऊर्जा प्रोबच्या पट्ट्याबाहेर जाते, आणि आवळणारा संदर्भही त्याच चुकीने बनवलेला असल्यामुळे संगणकात सगळं उत्तम दिसतं. चूक फक्त नफा कमी मिळतो तेव्हा कळते.

दोन्ही टोकांना १ मायक्रोसेकंदाचा कोसाइन उतार द्या. याची किंमत ऊर्जेत ०.६ डेसिबल, आणि ती द्यावीच.

चौकोनी पल्सरनेही चर्प पाठवता येतो: साइन लहर शून्य ओलांडते तिथे पातळी बदलायची. मूळ फ्रिक्वेन्सीचा भाग उलट २.१ डेसिबल जास्त मिळतो, आणि १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा तिसरा हार्मोनिक बहुतांशी प्रोबच गाळतो. टोकं मऊ करायची मात्र सोय राहत नाही. घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं असेल तर बदलाचा क्षण १० नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांवरच पडतो. ही चूक साइडलोबमध्ये दिसते, म्हणून संदर्भ बनवताना तीच पायऱ्यांची लहर वापरा.

चिपच्या कोडसाठी. एका चिपमध्ये वाहक लहरीची पूर्ण आवर्तनं बसवा. ५ मेगाहर्ट्झची दोन आवर्तनं म्हणजे ०.४ मायक्रोसेकंद, अशा चिपचा ६ डेसिबलचा पट्टा ३ मेगाहर्ट्झ, आपल्या प्रोबला बरोबर जुळणारा. एकाच आवर्तनाची चिप केली तर पट्टा दुप्पट होतो आणि अर्धी ऊर्जा प्रोब बाहेरच ठेवतो. चार आवर्तनं घेतली तर ऊर्जा आत जाते, पण पट्टा निम्मा राहिल्याने दोन जवळचे एको सुटे होत नाहीत. ०.४ च्या हिशेबाने बार्कर १३ ला ५.२ मायक्रोसेकंद, १६ चिपच्या गोलेला ६.४. ३२ चिपला १२.८ लागतात, आपली मर्यादा १० ची, म्हणून तो या जागी बाद.

तपासणी: लहर पाठवण्याआधी तिचा वर्णपट प्रोबच्या मोजलेल्या पट्ट्यावर ठेवून पाहा. दोन्हींचे मध्य जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: पाठवणं आणि नोंदणं

प्रोबच्या माहितीपत्रकातलं कमाल व्होल्टेज बहुधा छोट्या पल्ससाठी असतं. लांब सिग्नलला सरासरी शक्ती मोजावी लागते. ५० ओहमवर १०० व्होल्ट शिखराची साइन लहर म्हणजे सिग्नल चालू असेपर्यंत १०० वॅट. १० मायक्रोसेकंद, सेकंदाला १,००० शॉट, म्हणजे एक टक्का वेळ: सरासरी १ वॅट. छोट्या प्रोबसाठी हे खूप आहे. माहितीपत्रकातल्या सरासरी मर्यादेत बसेपर्यंत शॉटचा दर किंवा व्होल्टेज कमी करा.

शॉटचा दर आणखी एका कारणाने सांभाळायचा: मागच्या शॉटचे उरलेसुरले एको पुढच्या नोंदीत येऊ नयेत. दर निम्मा करून पाहा. चित्र बदललं तर आधीचा दर जास्त होता.

आता गेन. इथे जुनी सवय आड येते. छोट्या पल्समध्ये पृष्ठभागाचा मोठा एको कापला गेला (पट्टीबाहेर जाऊन माथा सपाट झाला) तरी चालतं, कारण दोष नंतर, स्वतंत्रपणे येतो. कोडमध्ये मोठा एको १० मायक्रोसेकंद चालू राहतो आणि दोषाचा बारीक एको त्याच वेळी त्याच्या पोटात येतो. मोठा कापला की बारीकही गेला, आणि कापलेल्या लहरीतून नवे साइडलोब जन्माला येतात. म्हणून कच्च्या सिग्नलमधला सर्वांत मोठा एको पूर्ण पट्टीच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा. ८ बिटच्या डिजिटायझरची आदर्श व्याप्ती ५० डेसिबल, १२ बिटची ७४. मोठा-लहान दोन्ही एको त्यात मावले पाहिजेत.

सावधान: खोलीनुसार वाढणारा गेन आवळण्याआधी लावू नका. लावणं भाग असेल तर कोडच्या कालावधीत तो १ डेसिबलहून जास्त बदलू देऊ नका. आवळल्यानंतर हवा तेवढा लावा.

## टप्पा ८: आवळणं

१. कच्चा सिग्नल घ्या. रेक्टिफिकेशन, लॉग, एन्व्हलप (लहरीची बाह्यरेषा) यांपैकी काहीही आधी नको.

२. संदर्भ लहरीशी सहसंबंध करा. फूरिये रूपांतरातून करत असाल तर शेवटी पुरेशी शून्यं जोडा: ४,०९६ नमुन्यांची नोंद आणि १,००० नमुन्यांचा कोड असेल तर किमान ५,०९५, म्हणजे ८,१९२ चं रूपांतर. शून्यं कमी पडली तर नोंदीच्या शेवटचे एको गुंडाळून सुरुवातीला येतात.

३. कन्व्होल्यूशनने करत असाल तर संदर्भ वेळेत उलटा करा, आणि त्याने होणारं कोडएवढं सरकणं वजा करा. ते राहिलं तर पोलादात सगळे एको २९.६ मिलिमीटर खोल दिसतात.

४. गोले असेल तर क ची नोंद क शी, ख ची ख शी आवळा आणि लहरी जोडा. एन्व्हलप काढून मग जोडले तर काहीच खोडलं जात नाही.

५. सगळ्यात शेवटी एन्व्हलप.

संदर्भ कुठला घ्यायचा यावर सर्वाधिक चुका होतात. कागदावरची आदर्श लहर घेतली तर प्रोबची स्वतःची विकृती तशीच राहते. ठोकळ्यावरून घेतलेला खरा एको, २५६ शॉटची सरासरी काढून, संदर्भ म्हणून वापरला तर नफा जास्तीत जास्त मिळतो; पण प्रोबचा पट्टा एकदा सिग्नलमध्ये आणि एकदा संदर्भात असा दोनदा लागतो, त्यामुळे शिखर थोडं रुंद होतं. मधला मार्ग वीनर पद्धतीचा आहे: संदर्भाच्या वर्णपटाने भागायचं, पण भाजकात त्याच्या कमाल शक्तीच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढी स्थिर संख्या मिळवायची. संख्या फार छोटी ठेवली तर पट्ट्याच्या कडांवरचा नॉइज उसळतो.

विंडोबद्दल: हॅमिंगने सिद्धांतानुसार साइडलोब ४३ डेसिबलपर्यंत उतरतात, शिखर सुमारे दीडपट रुंदावतं आणि १.३ डेसिबल जातात. ३० सारख्या छोट्या गुणाकारात तो सिद्धांतातला आकडा गाठला जात नाही. शिवाय प्रोबचा घंटेसारखा पट्टा हीच एक विंडो असते. म्हणून आधी विंडोशिवाय पाहा, गरज उरली तरच हलकी लावा.

## टप्पा ९: वेळ वाचणं

एन्व्हलपच्या शिखराजवळचे तीन नमुने घेऊन त्यांतून परवलय बसवा. १० नॅनोसेकंदांचा नमुना पोलादात ०.०३ मिलिमीटरचा असतो. परवलयाने त्याच्या बराच आत जाता येतं. जाडी मोजताना शून्यापासून न मोजता पहिल्या आणि दुसऱ्या बॅकवॉलमधलं अंतर घ्या, म्हणजे केबल, प्रोबचा पुढचा थर आणि संदर्भाचा स्वतःचा उशीर आपोआप वजा होतो. मोजलेला एको संदर्भ म्हणून वापरला असेल तर हे बंधनकारकच आहे, कारण त्याच्या शून्यावर ठोकळ्याची जाडी बसलेली असते.

हलत्या वस्तूवर चर्प वापरताना डॉपलरमुळे वेळ सरकते. पाण्यात ५ मेगाहर्ट्झला सेकंदाला १० सेंटिमीटर वेग असेल तर सरक २ नॅनोसेकंद, दुर्लक्ष करा. हवेत ३६ ते ४४ किलोहर्ट्झचा ५ मिलिसेकंदांचा चर्प आणि सेकंदाला १ मीटर वेग असेल तर तीच सरक २५ मिलिमीटर होते. तिथे एक चढता आणि एक उतरता चर्प पाठवून दोन्हींची सरासरी घ्या.

## टप्पा १०: चाचणी, याच क्रमाने

- संगणकात: कोडचा स्वतःशी सहसंबंध. पुस्तकी आकडे जुळलेच पाहिजेत.
- तारेवर: प्रोबऐवजी ५० ओहमचा लोड, अॅटेन्युएटरमधून थेट डिजिटायझरला. इथे साइडलोब बिघडले तर दोष जनरेटर किंवा अॅम्प्लिफायरचा.
- ठोकळ्यावर: एकच बॅकवॉल. इथे नव्याने बिघडले तर दोष प्रोबच्या पट्ट्याचा किंवा संदर्भाचा.
- रेषीयता: गेन ६ डेसिबल कमी करा. शिखर आणि साइडलोब दोन्ही नेमके ६ ने उतरावेत. साइडलोब जास्त उतरले तर आधी कुठेतरी सिग्नल कापला जात होता.
- नफा: तेच व्होल्टेज, तोच प्रोब, छोटी पल्स आणि कोड, दोन्हींचं एको-नॉइज गुणोत्तर. उदाहरणातल्या चर्पचे १४.८ मधून मऊ टोकांचे ०.६ आणि विंडोचे १.३ गेले की १२.९ उरतात. मोजलेला आकडा याच्या दोन डेसिबलच्या आत असावा. पाच-सहा डेसिबल कमी असेल तर आधी चर्पच्या सूत्रातला "अर्धा" तपासा, मग वर्णपटाचे मध्य, मग टप्पा १ पुन्हा.
- गोले असेल तर: प्रोब न हलवता क दोनदा पाठवा आणि दोन नोंदींची वजाबाकी करा. उरलेला भाग नॉइजपेक्षा मोठा असेल तर घड्याळ किंवा कपलंट स्थिर नाही. ते आधी दुरुस्त करा. वजाबाकी स्वच्छ असूनही साइडलोब उरत असतील तर क आणि ख च्या उंचीत फरक आहे. आठ चिपच्या जोडीत एक कोड दहा टक्क्यांनी कमी पडला की साइडलोब ३४ डेसिबलवर थांबतात, आणि याचं कारण बहुधा लागोपाठच्या शॉटमध्ये पल्सरचा कपॅसिटर पूर्ण न भरणं हे असतं. शॉटचा दर कमी करून पुन्हा मोजा.